पाटकरी नसलेला पाट

बऱ्हाणपूरचे नाव निघाले की मराठी माणसाला इतिहासातील चार-दोन प्रसंग हटकून आठवतात. १६८१ साली राज्याभिषेक होताच छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने याच शहरावर झडप घातली होती. पुरंदरचा तह करून घेणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली येथेच निवर्तले. तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ त्यांची छत्री आजही उभी आहे. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली हे शहर पेशव्यांच्या पदरात पडले. परप्रांतीचा पाहुणा आला, तर तो मुमताज महलची पहिली कबर कोठे आहे एवढेच विचारतो. कारण १६३१ साली तिचा अंत येथे झाला आणि आग्र्यास नेण्यापूर्वी काही महिने तिचा देह तापीपलीकडे, जैनाबादेच्या आहूखान्यात विसावला होता. स्वारी, तह आणि मृत्यू एवढ्यावर आमच्या गावाची ओळख आटोपते. एवढे मोठे शहर, एवढ्या फौजा आणि एवढे कारखाने पाणी कोणते पीत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर जमिनीखाली आहे. बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेकडील मोठे ठाणे. तापी उशाशी असली तरी उन्हाळ्यात ती रोडावते आणि पावसाळ्यात गढूळ होऊन फुगते. शिवाय शत्रूने वरच्या अंगाला नदीत विष कालवले तर काय, अशी धास्ती सुभेदारांना वाटे, असे जुनी मंडळी सांगतात. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत इराणातून आलेल्या एका जाणकाराने यावर उपाय काढला. त्याचे नाव तबकुतुल अर्ज असे सांगितले जाते. या शब्दांचा अर्थच ‘भूमीचे थर’ असा आहे. तेव्हा ते नाव असो वा पदवी, त्याच्या विद्येला ते शोभून दिसते. हिंदी साहित्यात रहीम म्हणून जे विख्यात आहेत, तेच हे खानखानान. मोत्याचे तेज, माणसाची अब्रू आणि प्यावयाचे जल हे तिन्ही अर्थ ‘पाणी’ या एका शब्दात खेळविणारा त्यांचा दोहा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केला असेल. तो रचणाऱ्याने पाण्यासाठी प्रत्यक्ष काय करून ठेवले, हे मात्र त्या पाठात येत नाही.

त्यांनी जे करविले त्यास आज ‘कुंडी भंडारा’ अथवा ‘खूनी भंडारा’ म्हणतात. भंडारा म्हटला की मराठी मनाला जेजुरीची हळद आठवते, नाही तर पंगत. येथे त्याचा अर्थ साठा, भांडार एवढाच. सातपुड्याच्या उतारावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या थरांतून हळूहळू तापीकडे सरकत राहते. त्या सरकत्या पाण्याला वाटेत गाठून, भुयारातून, अगदी मंद उतारावरून शहराकडे वळवावयाचे, ही त्यातली युक्ती. उतार जास्त ठेवला तर पाणी भुयाराचा तळ खरवडून काढते. कमी ठेवला तर गाळ बसतो. ठराविक अंतरावर या भुयारावर उभ्या विहिरी खणलेल्या आहेत, त्याच कुंड्या. खोदकामाची माती वर काढण्यास, आत हवा खेळण्यास आणि पुढे साफसफाईसाठी उतरण्यास त्यांचा उपयोग. मोट नाही, रहाट नाही, यंत्र नाही. उन्हात पाणी आटण्याचीही भीती नाही. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण अशी इतर भंडाऱ्यांची नावे आहेत. त्यांचे पाणी जाली करंज येथे एकत्र येऊन शहरात वाटले जाई. हा ‘करंज’ आपल्या ‘कारंजे’ या शब्दाचा सोयरा असावा, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

इराणात अशा भुयारी पाटांना कनात किंवा कारीझ म्हणतात. तेथील अकरा कनातींना २०१६ साली जागतिक वारशात स्थान मिळाले. आपल्याकडे बिदरला कारीझ आहे, औरंगाबादेस मलिक अंबरने केलेली नहर आहे, आणि पुण्यात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून आणलेला नळ आहे. बऱ्हाणपूरचा भंडारा २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत दाखल झाला, तेव्हा गावात पेढे वाटले गेले नाहीत, तरी आमच्या शिक्षकांच्या खोलीत चहाची एक फेरी जास्त झाली.

त्याच सुमारास आम्ही नववीच्या वर्गात सहज विचारले, “आपल्या गावात पूर्वी पाणी कोठून येत असे?” बहुतेकांनी “टाकीतून” असे उत्तर दिले. एका मुलाने कुंडी भंडाऱ्याचे नाव घेतले. पण तो कोठून सुरू होऊन कोठे संपतो, हे त्यालाही सांगता येईना. मुलांचा यात दोष नाही. जे डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याच्या कडेने वाट जात नाही, ते ध्यानात राहावे तरी कसे?

वाटेचा हा विचार आमच्या डोक्यात एका वेगळ्याच वाचनातून शिरला होता. इंग्लंडात रेल्वे येण्यापूर्वी मालाची ने-आण कालव्यांतून होई. नाव पाण्यात, घोडा काठावर, आणि दोहोंमध्ये दोर. घोड्याच्या चालण्यासाठी कालव्याला लागून जी पायवाट राखलेली असे, तिला मराठीत शब्द नाही, कारण ती वस्तूच आपल्याकडे नव्हती. आपण तिला ‘काठवाट’ म्हणू. पुढे नावांना इंजिने आली, घोडे गेले, कित्येक कालवे ओस पडले. पण काठवाटा उरल्या. त्यांवरून लोक फिरू लागले, सायकली चालवू लागले. लंडनहून बर्मिंगहॅमला जाणारा ग्रँड युनियन कालवा सुमारे २२० किलोमीटरांचा आहे. त्याच्या काठाने एका दिवसात ते अंतर तोडण्याचा प्रयत्न करणारे हौशी सायकलस्वार तेथे आढळतात. केनेट आणि एव्हन नावाचा कालवा तर मोडकळीस आला होता. स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षे श्रमदान करून आणि पैसा उभारून तो पुन्हा वाहता केला, आणि १९९० साली राणीच्या हस्ते तो खुला झाला. ज्या पाण्याच्या कडेने माणसे चालतात, त्या पाण्याचे पडके बांध कोणाच्या तरी दृष्टीस पडतात, एवढे तात्पर्य आम्ही त्यातून काढले.

मग आपणही एका दिवसात बऱ्हाणपूरचे सगळे पाणी सायकलीने का पाहू नये? तापीच्या घाटावरून निघावे, जाली करंज गाठावा, तेथून कुंड्यांच्या रांगेने सातपुड्याच्या पायथ्याकडे जावे. परत शहरात येऊन अमरावती रस्त्याने २१ किलोमीटरांवरील महाल गुलारा पाहावा आणि दिवेलागणीस घरी यावे, असा बेत ठरला. तो आम्हांस जमला, तर पुढे मुलांना नेता येईल, हा हेतू. आमच्यासोबत आमचे इतिहासाचे शिक्षक आणि यंत्रमागावर काम करणारा आमचा एक जुना विद्यार्थी, असे आम्ही तिघे निघालो. आम्ही दोघे पन्नाशी ओलांडलेले; विद्यार्थ्याने मात्र पंप, ट्यूबचे तुकडे आणि सोल्यूशन न सांगता बरोबर घेतले होते.

पौषातील रविवार होता. राजघाटावर पोहोचलो तेव्हा तापीवर धुके होते आणि पात्रातील दगडी हत्तीची पाठ तेवढी त्यातून वर आली होती. शहरातून जाताना शनवारा दरवाजापाशी माव्याची गरम जिलेबी खाल्ली. बऱ्हाणपुरात राहून ती चुकविणे हा अपराध समजला जातो. लालबागेकडे वळलो, रेल्वे स्थानकाचा परिसर मागे पडला, आणि उन्हे अंगावर येता येता पहिल्या कुंडीपाशी सायकली टेकल्या.

कुंडी वरून पाहिली तर विहिरीच्या गोल कठड्यासारखी दिसते. मात्र एका कुंडीवर उभे राहून पुढे दृष्टी टाकली, की दुसरी, तिसरी, चौथी, अशी एका ओळीत मांडलेली दिसतात. जणू जमिनीत पुरलेल्या रांजणांची तोंडे. कठड्यावरून वाकले, की खालून गार हवेचा झोत तोंडावर येतो आणि पाण्याचा अगदी बारीक आवाज कानी पडतो. कात्रजच्या नळावर हवेसाठी जे मनोरे बांधले आहेत, त्यांना पुण्यात ‘उच्छ्वास’ म्हणतात. हा शब्द ज्याने प्रथम वापरला असेल, त्याने असेच वाकून पाहिले असले पाहिजे. येथील एका कुंडीत खाली उतरण्यासाठी लिफ्ट बसविण्यात आली होती, आणि काही वर्षांपूर्वी आम्ही तीतून उतरलो होतो. सुमारे ८० फूट खाली गुडघाभर स्वच्छ पाणी वाहत होते, आणि भिंतींवर पाण्यातील चुन्याचा पांढरा थर चढलेला होता. घरच्या पाणी तापविण्याच्या भांड्यात जो थर बसतो, तोच हा. येथे तो चार शतके बसत आहे, त्यामुळे भुयार जागोजागी अरुंद होत चालले आहे.

कुंड्या किती, यावर गावात एकमत नाही. कोणी १०१ म्हणतो, कोणी १०३, कोणी १०८. आम्ही मोजावयाचे ठरविले. इतिहासाचे शिक्षक वहीत रेघा ओढीत, तर आमचा विद्यार्थी दर कुंडीगणिक एक खडा खिशात टाकी. पहिला टप्पा मुरमाच्या वाटेने बरा गेला. नंतर वाट संपली. पुढे कधी शेताचा बांध, कधी केळीचा बाग, कधी कोणाच्या कुंपणाला लागून जेमतेम पाऊल मावेल एवढी जागा. ठिबकच्या नळ्यांवर चाक जाऊ नये म्हणून सायकली खांद्यावर घ्याव्या लागत. दोनदा बाभळीच्या काट्याने चाके बसली. एक कुंडी झुडपात दडलेली, म्हणून आम्ही मागे जाऊन ती पुन्हा शोधली. दुपारी हिशेब जुळविला, तेव्हा वहीतील रेघा आणि खिशातील खडे यांत तीनचा फरक निघाला. गावात तीन आकडे का आहेत, याचा उलगडा आम्हांस तेथेच झाला.

केळीच्या एका बागेत आम्ही सावलीला टेकलो असता मालकीणबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. वयाने आमच्याहून वडील, कपाळावर ठसठशीत कुंकू. आमच्या सायकलींकडे पाहून हसत म्हणाल्या, “गुरुजी, पाणी खालून पळतंय, आन् तुम्ही वरून त्याच्यामागं सायकली कशाला दामटताय?” आम्ही हेतू सांगितला. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांच्या टायमाला विहिरीत डोकावलं की पाणी दिसायचं. आता पहिली बोअर आटली, दुसरी खोल मारली. केळीला पाणी नको म्हणून कसं चालंल? पोरांचं शिक्षान त्यावरच व्हतं.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण आमच्या घशातील पाणी क्षणभर अडले. कनातीची सारी कला एका अटीवर उभी आहे: भूजलाची पातळी भुयाराच्या तळाहून वर असली पाहिजे. बोअर खोल नेता येते, भुयार खोल नेता येत नाही. भोवतालचे पाणी भुयाराच्या खाली गेले, की चारशे वर्षांचे ते बांधकाम जसेच्या तसे उभे राहील आणि आत पाण्याचा टिपूसही उरणार नाही. त्या बाईंना केळी लावू नका असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी केळीचाच पैसा येतो. दोघांची तहान एकाच थरातून भागते आहे, आणि त्या थराचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही, ही खरी अडचण.

साडेतीन वाजले तेव्हा निर्णयाची वेळ आली. वरच्या अंगाचा एक टप्पा राहिला होता. त्याच क्षणी मागे फिरलो असतो, तर अंधार पडण्यापूर्वी महाल गुलारा कसाबसा गाठता आला असता. विद्यार्थ्याचे मन तिकडे ओढत होते, आणि ते स्वाभाविक आहे. मोठ्या उतावळी नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर शहाजहानकालीन दोन महाल, मध्ये बांध, आणि त्या बांधावरून पडणारी पाण्याची चादर. असे रमणीय स्थळ आमच्या पंचक्रोशीत दुसरे नाही. “सर, तिथं निदान पाणी दिसतं तरी,” तो म्हणाला. इतिहासाचे शिक्षक म्हणाले, “म्हणूनच तिथे सगळे जातात.” थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग विद्यार्थ्यानेच खिशातील खडे चाचपून पाहिले आणि सायकल वरच्या बाजूला वळविली.

उरलेला टप्पा आम्ही बहुतेक पायीच केला. शेवटच्या कुंडीपाशी पोहोचलो तेव्हा सूर्य कलला होता आणि सातपुड्याच्या रांगा जांभळ्या दिसू लागल्या होत्या. ज्या डोंगरावरून पाणी निघते तो समोर, ज्या शहरात ते पोहोचते ते मागे, आणि दोहोंच्या मध्ये आम्ही दिवसभर घाम गाळून आलेली ती अदृश्य रेघ. अंधारात परतलो. सगळे मिळून आमच्या अंदाजाने ३० किलोमीटरही भरले नसतील. एका दिवसात २२० किलोमीटर कालवा पार करू पाहणाऱ्या इंग्लिश सायकलस्वारापुढे हा आकडा सांगताना संकोच वाटावा असाच आहे. पण त्याच्या कालव्याला काठवाट आहे. आमच्या पाटाला ती नाही. एका दिवसात ही रेघ आणि गुलारा दोन्ही होत नाहीत, हे त्या दिवशी ठरले, आणि तसे ते का होत नाही, हेही कळले.

घरी येऊन पाय शेकीत बसलो असता आम्हांस आपल्या खानदेशातील फड पद्धती आठवली. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून शेकडो वर्षे गावांनी पाणी वाटून घेतले. त्या व्यवस्थेत पाटकरी हा गावाने नेमलेला माणूस असे. पाटाच्या कडेने रोज चालावयाचे, कोठे फुटला आहे, कोठे गाळ बसला आहे, कोणाचे बारे कधी आहे हे पाहावयाचे, हे त्याचे काम. पाट बांधणाऱ्याचे नाव लोक विसरले असतील; पण पाटकरी नसता तर पाट दुसऱ्याच पावसाळ्यात मोडला असता. बऱ्हाणपूरच्या पाटाला तबकुतुल अर्ज मिळाला, खानखानान मिळाले, आता जागतिक यादीतील नावही मिळू घातले आहे. त्याला पाटकरी मात्र नाही.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २०२२ च्या जुलैत बऱ्हाणपूर हा ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा ठरला. जिल्ह्यातील २५४ गावांत घरोघरी नळ पोहोचले. डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालणाऱ्या आया-बहिणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनाच या गोष्टीचे मोल कळेल, आणि आम्हांस त्याचा मनापासून अभिमान आहे. परंतु नळ हे पाण्याचे शेवटचे टोक आहे. दुसरे टोक सातपुड्याच्या उतारावर आहे. तेथील झाडे राहिली, ओढ्यांवर बांध पडले, पाऊस मुरू दिला गेला, तरच नळालाही पाणी राहील, केळीलाही राहील आणि भंडाऱ्यालाही राहील. तेव्हा भंडारा वाचविणे म्हणजे केवळ एक जुनी वास्तू वाचविणे नाही. तो या साऱ्या भूजलाचा मापदंड आहे. त्यातील पाणी ज्या वर्षी गुडघ्याचे घोट्यावर येईल, त्या वर्षी साऱ्या तालुक्याने सावध व्हावे.

काय करता येईल, याचा आम्ही आमच्यापुरता विचार केला आहे. कुंड्यांच्या रांगेने माणूस आणि सायकल जाऊ शकेल एवढी, चार हात रुंदीची वाट राखली जावी. त्यासाठी शेतकऱ्यांची संमती गोडीने मिळवावी आणि ज्यांची जमीन जाईल त्यांना योग्य मोबदला मिळावा. प्रत्येक कुंडीवर क्रमांक लिहावा, म्हणजे १०१ की १०८ हा वाद मिटेल. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीनंतर, पाण्याची खोली मोजून ती शाळेच्या फलकावर लिहावी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आमच्या हातच्या नाहीत. तिसरी आहे. दोरी, दगड आणि वही एवढ्याच सामग्रीवर ती होते, आणि कठड्यापासून दूर उभे राहून ती करण्याची शिस्त मुलांना लावता येते. येत्या होळीनंतरच्या पहिल्या रविवारी नववीची मुले पहिल्या टप्प्यातील दहा कुंड्यांचे माप घेणार आहेत. पालकांची संमतीपत्रे येऊ लागली आहेत. केळीच्या बागेतील त्या बाईंचा नातू आमच्याच शाळेत आहे, असे त्यांतून कळले.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, तंजावर, जेथे जेथे आपली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या वसली आहेत, तेथे आपल्या पूर्वजांनी कोणते तरी पाणी पिऊन संसार केले. एखादी बारव, एखादा हौद, एखादा बुजत चाललेला नळ आपल्याही गावात असेलच. वाचकांपैकी कोणी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सायकल काढून त्याच्या उगमापर्यंत जाऊन आले आणि काय दिसले ते या मासिकाकडे लिहून पाठविले, तर आमच्या मुलांना ते वर्गात वाचून दाखविण्यास आम्हांस फार आनंद वाटेल. गुलाऱ्याला आम्ही पावसाळा संपल्यावर, मुलांना घेऊन, सवडीने जाऊ. तेव्हा बांधावरून पाणी पडत असेल.